पंधरा अंक

मुल्ला सरांनी निपाणीच्या मैदानावर पाटी लावली:
बेसबॉल रटाळ होतोय, माणसं उठून जाताहेत,
म्हणून यंदापासून पिचरला पंधरा अंक,
तेवढ्यात चेंडू सुटला पाहिजे.
बेस मोठे, युरियाची पोती उसवून दीडपट शिवलेले.
आणि बरोबरी झाली तर दुसऱ्या बेसवर
एक पोरगी आयती उभी,
आमंत्रण नसताना पहिल्या पंगतीला बसल्यासारखी.

माणसं राहिली, खोटं का बोला.
दीड तासात सामने उरकले.
भडंगवाल्याचा माल तेवढा निम्मा परत गेला.
"तोंड हलवायला उसंतच न्हाई की ओ," म्हणाला.

मी गुण लिहितो.
त्याआधी एकतीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काट्यावर होतो.
बोद टांगलं की काटा डुलायचा,
आणि व्यापारी, हमाल, दिवाणजी
श्वास धरून त्या लोखंडी जिभेकडे बघत.
रटाळ कुणी म्हणालं नाही कधी.

कस्तुरी बेनाडीकरचा चेंडू तसाच सुटायचा.
तळव्याला माती, वेणीचं टोक दातात,
मग उगाच हायवेकडे बघायची,
एक ट्रक जाऊ द्यायची.
समोरची बॅटर तेवढ्यात अर्धी बाद.

शेवटचा सामना, संकेश्वरशी. बरोबरी.
आयती पोरगी दुसऱ्या बेसवर नाचतेय.
अंपायर बसगौडा मोजतात कन्नडात,
ओंदु, एरडु, मूरु,
बांधावरची माणसं त्यांच्यामागून मराठीत,
एक पाऊल उशिरा, धाकट्या भावंडांसारखी.
आठला तिनं माती घेतली.
अकराला वेणी दातात.
ट्रक दिसत होता, पण लांब.
हन्नेरडु. हदिमूरु.
हदिनाल्कू,
आणि बसगौडांनी तो शेवटचा ऊ असा लांबवला, असा लांबवला
की ट्रक टोलनाक्याला लागला असेल.
संकेश्वरच्या बाई ओरडल्या.
बांधावरची माणसं चौदावर तोंड उघडं ठेवून थांबली.
भडंगवालासुद्धा.

मग चेंडू.

स्ट्राइक, मी लिहिलं.
पुढच्याच चेंडूवर आयती पोरगी घरी पोचली, आम्ही हरलो,
ते वेगळं.

पुढच्या वर्षी लाल आकड्यांचं घड्याळ येणार म्हणे.
"बरं होईल, घसा वाचेल," बसगौडा म्हणतात,
माझ्याकडे न बघता.
वहीत त्या चेंडूपुढं अंकांचा रकाना आहे.
चौदा लिहावं की एकोणतीस,
माझं अजून ठरत नाही.