वादी

वॉल्सॉलला स्टेशनामागच्या गल्लीत
आमचा कारखाना आहे, बारा माणसांचा. आता सात.
मी घोड्यांच्या खोगिरांत लोकर कोंबते.
मराठीत ज्याला हसतात
त्या खोगीरभरतीचे मला इथे तासावर पैसे मिळतात.

शेजारच्या बाकावर एनिड हॅडक,
वय एकोणसत्तर, दोन सुयांनी शिवते
आणि दातांत दोरा धरून बोलते.
पहिल्याच दिवशी तिने कातड्याची एक पट्टी
माझ्या मांडीवर टाकली : "स्ट्रॅप."
मी म्हटलं, "वादी."
"व्हाडी?"
तेव्हापासून माझं नाव व्हाडी.

कापशीला आमच्या घरात वादी म्हणजे
भिजवलेल्या कातड्यातून रापीने एका दमात काढलेली रेघ.
बाबा ती अंगठ्यात अडकवून ओढून बघत.
कोर्टात फिर्याद घेऊन गेलेलाही वादीच.
बाबा दोन्ही होते.
घराखालच्या जागेच्या पट्ट्यासाठी
सतरा वर्षं तारखांना गेले,
स्वतः शिवलेल्या चपला घालून.
चपला टिकल्या.

एनिडचा बाप न्हावी.
वस्तरा ज्यावर फिरवायचा त्याला तो स्ट्रॉप म्हणे.
तिच्या मते शब्द एकच,
कुणीतरी जबडा जरा जास्त उघडला इतकंच.
लायब्ररीतल्या जाड कोशात पाहिलं तर
बाई बरोबर निघाली.
मागे लॅटिन, त्याच्या मागे बहुधा ग्रीक,
पीळ घातलेली दोरी.
आणि वळण्याच्या त्याच धातूवरून
तिकडे कवितेच्या कडव्यालाही नाव पडलेलं.
हे मी एनिडला सांगितलं नाही.
म्हणाली असती, बरं, शिव आता.

शाळेत ती डाव्या हाताने लिही
म्हणून त्या हातावर स्ट्रॅप बसे.
हे सांगताना तिने टाका चुकवला नाही.
"टाके मोजत असायची मी. इंचाला आठ.
चांगलं काम होतं.
याच गावात कुणीतरी केलं असणार."

शुक्रवारी मालक म्हणाले, आपण जरा स्ट्रॅप्ड आहोत.
कुणी बांधलंय आपल्याला? मी विचारलं.
एनिडने एप्रनचा खिसा उलटा करून दाखवला.
अच्छा, तंगी!
माझ्या हातात तेव्हा तंगच होता,
घोड्याच्या पोटाखालून आवळायचा.
दोन भाषा, एकमेकींना न विचारता
एकाच बकलात येऊन बसलेल्या.
मला हसू आलं. मालकांना आवडलं नाही.

त्याच दुपारी मिसेस पार्जिटर आल्या.
नवऱ्याचं घड्याळ, त्यांच्या हातातून घसरतंय.
पट्ट्याला पाच भोकं,
तिसरं ताणून लांबुळकं झालेलं.
ते त्यांचं मनगट.
मी पट्टा बाईंच्या हाताभोवती गुंडाळला :
सहावं, नाही, सातवं, नाही,
त्याहून आत,
जिथे कातडं अजून नव्यासारखं होतं.
आरीने खूण केली, पोगर ठेवलं,
हातोडीचा एक ठोका.
मसुराएवढा तुकडा उडाला.
बाई तो शोधू लागल्या.
मग मी. मग गुडघे कुरकुरत एनिडसुद्धा,
बाकाखाली, सुतळ्यांत, मेणाच्या चुऱ्यात.
मिळाला नाही.
"किती झाले?"
"भोकाचे पैसे घेत नाही आम्ही," एनिड म्हणाली,
स्ट्रॅप्ड असूनही.

बाईंनी घड्याळ कानाला लावलं, निघाल्या.

मी पुन्हा लोकर उचलली
आणि मुठीत काहीतरी टोचलं :
गोल, तपकिरी, एका बाजूने घामाने काळं पडलेलं.
एनिडसमोर तळहात धरला.
तिने खिडकीतून स्टॉपकडे पाहिलं,
बस वळत होती.

"व्हाडी," ती म्हणाली,
दातांतला दोरा न सोडता,
"पळ."