उंची भरत नाही

फरशीपासून तुळईच्या खालच्या कडेपर्यंत
सहा फूट पाच इंच.
टेप सोडला, तो सर्रकन आत गेला,
आणि नान्ना वर बघत म्हणाले,
"मी तर उभा राहतोय की."

राहतात, खरंय.
चाळीस वर्षं ह्या तळघरात चार मागांमध्ये उभे राहिले,
मान जरा डावीकडे, जिथं तुळई आडवी येते.
माग भंगारात गेले.
मान अजून तशीच आहे.

मे महिना. साखर पेठेतले पत्रे तापलेत,
माठातलं पाणीसुद्धा कोमट,
आणि नळ पाच दिवसांनी.
नान्नांचं म्हणणं एवढंच:
खाली नवी फरशी, भिंतींना पुट्टी, एक कॉट, एक पंखा.
"उन्हाळा तिथंच काढतो, बिड्डा.
तू नकाशा काढ. तुझंच तर काम."

माझंच काम. दिवसभर
लोकांच्या जिन्यांना पायऱ्या देते,
तीन प्रती, गड्डम साहेबांची सही, मग महापालिका.
मला पाठ आहे:
तळघरात झोपायचं नाही. चूल नाही, मोरी नाही.
साठवण चालेल. गाडी चालेल.
उंची आठ फुटांच्या आसपास, तीही तुळईखाली मोजून.
झरोके हवेत.
ओल येता कामा नये.

ह्या शेवटच्यावर नान्ना हसले.
त्यांच्या बापानं ओलीसाठीच तर जमीन खणली होती.
ओल असली की सूत तुटत नाही,
सूत तुटलं नाही की लुगडं वेळेवर उतरतं.
ह्याला दोष म्हणतात
हे त्यांना नवीनच.

उंचीसाठी खाली जायचं ठरलं.
इरण्णा गवंडी म्हणाला, पायाला धक्का न लावता
मधोमध फूटभर मिळेल.
दुसऱ्याच दिवशी पहार पोकळ वाजली.
शहाबादीखाली मुरूम नव्हता. राख होती,
चिंध्या, खापरं, बाभळीची एक पावडी.
आजोबांच्या हातमागाचा खड्डा,
पाय सोडून बसायचा.
"बुजवला तेव्हा मी सात वर्षांचा," म्हणत
नान्ना आत उतरले.
मी सवयीनं टेप धरला.
खड्ड्याच्या तळापासून तुळईपर्यंत नऊ फूट दोन.
अख्ख्या तळघरात फक्त इथं,
दोन बाय दोन फुटांत,
उंची भरत होती.

मी हसले. ते नाही.
ते जिन्याकडे बघत होते.
एकच जिना, वर एकच दार.
"दुसरी वाट लागते ना?"
लागते, म्हटलं, आधी तेच विचारतात.
मग त्यांनी धाकट्या भावाचं नाव काढलं,
जे ते कधीच काढत नाहीत.
मल्लेशम. अक्कलकोट रोडचा कारखाना, रात्रपाळी,
शटरला बाहेरून कुलूप, माल चोरीला जाऊ नये म्हणून.
आधी धूर दिसत नाही, म्हणाले,
नुसता वास, टॉवेलावर इस्त्री फिरवल्यासारखा.
खिडकी होती.
मल्लेशमचं डोकं तिच्यातून बाहेर आलं होतं.

इरण्णाचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

नान्नांनी खांद्यावरचा टॉवेल काढला,
पूर्वेच्या भिंतीला लावला,
दोन्ही काठ ताणून धरले.
"एवढी. गज नको.
आतनं उघडली पाहिजे, किल्लीशिवाय."
"आणि कॉट?"
"कॉट वरच राहू दे."

नकाशावर खोलीचं नाव लिहिलं: साठवण.
खिडकीची रुंदी टॉवेलाची, तीस इंच.
गड्डम साहेब म्हणाले, साठवणीला एवढी मोठी कशाला?
नियम आहे, मी म्हटलं.
तसा तो माझ्या पुस्तकात नाही.

खड्डा अजून बुजवलेला नाही.
दुपारी अडीचला, वर पंखा गरम वारा ढवळतो तेव्हा,
नान्ना त्यात पाय सोडून बसतात,
खिडकीकडे तोंड करून.
बसायला मनाई नाही.
मी सगळं वाचून पाहिलंय.