नपुंसकलिंग

त्रिएस्तेत पहिल्याच महिन्यात
माझं नपुंसकलिंग हरवलं.
घर बाई झालं, पाणीही.
स्वप्न पुरुष.
घरमालकीण नीवेस भांडी विसळता विसळता
माझा शेवटचा स्वर दुरुस्त करते:
ओ नाही, आ.

फोन उचलून इथे म्हणतात, प्रोन्तो. म्हणजे तयार.
मी नुसता वाजू देते.

तोंडी परीक्षेत सर चष्मा पुसत म्हणाले,
तीसपैकी बावीस. घेणार?
नको म्हणता येतं इथे,
पुन्हा बसता येतं.
मी घेतले.

बाहेर बोरा वारा,
कचऱ्याचा डबा चढावर एकटाच धावतोय.
आईचा फोन. ‘बरं चाललंय,’ म्हणाले,
आणि पायरीवरच थबकले.
बरं.
ना तो, ना ती.
सापडलं की!

बावीसचं मात्र बोलले नाही.