बिलावरचं नाव

एकतीस वर्षं मी तक्रारी लिहून घेतल्या,
प्रभादेवीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडसेट.
फोन डेड आहे, बाई.
पलीकडे भलत्याच घरातलं भांडण ऐकू येतंय, बाई.
झोपा काढता का तिथं बसून, बाई.
तेव्हा तक्रार कशी करतात ते
मला कुणी शिकवू नये.

आज मुलुंडला, मॉलच्या तळमजल्यावर,
माणसाशी अवाक्षर न बोलता बर्गर मागवला.
उभा पडदा, माझ्याहून वीतभर उंच.
चीज वाढवू का? मोठं करू का?
अनाथ मुलांसाठी तीन रुपये देता का?
नाही, नाही, हो
एवढं दाबेपर्यंत मागच्या पोरानं
दोनदा च्‌च् केलं.

एकशे एकोणऐंशी. वर कर.
निनादच्या बारावीच्या निकालाला तो मला इथं घेऊन आला होता,
तेव्हा हाच पंचेचाळीसला होता
आणि दोन्ही हातांनी धरावा लागायचा.
आता एका हातात मावतो.
भिंतीवरच्या चित्रात मात्र तो तस्साच,
पानं ताजी, तिळावर तीळ.
माझ्या ट्रेमधल्यावर
कुणीतरी बसून उठलेलं.

शेजारी दोन कॉलेजातल्या मुली, मध्ये एकच कोल्ड कॉफी.
— नाक्यावर वीस रुपयांत वडापाव मिळतो गं.
— नाक्यावर एसी आहे? बाथरूम आहे?
  आणि दोन तास बसलीस तर
  तो भय्या बसू देईल?
पटलं मला.
हे भाडंच आहे, खुर्चीचं,
पावात घालून दिलेलं.

सॉस मागायला गेले.
एकच पुडी मिळते, मॅडम, दुसरीचे पाच रुपये.
पोरगा विशीचा. मनगटापासून कोपरापर्यंत
तेल उडाल्याचे डाग, काही काळे पडलेले,
एक आजचा.
इकडेतिकडे बघून त्यानं तीन पुड्या
ट्रेवरच्या कागदाखाली सरकवल्या
आणि पाढा म्हणावा तसं म्हणाला,
बिलावर कोड आहे, पाच स्टार द्या, माझं नाव लिहा.

नाव काय?
बिलावर आहे.

बिलावर: तुमच्या सेवेत, मेल्विन.
छातीवरच्या बिल्ल्यावर: रेश्मा.
पोराला कोवळी मिशी.

हसला. मेल्विन डिसेंबरमध्येच सोडून गेला, मॅडम,
कतारला की कुठं. मशीन अजून त्याच्या नावानं उघडतं.
बिल्ला तर लावावाच लागतो, हा ड्रॉवरमध्ये होता.
माझा ऑफिसकडून आला नाही.

मग पाच स्टार कुणाला जातात?
मेल्विनला.
आणि शिव्या?
त्या इथंच राहतात.

मी परत येऊन बसले.
एक्स्चेंजमध्ये मी एकतीस वर्षं
ऑपरेटर चौदा होते.
निरोप समारंभाच्या नारळावरसुद्धा
चिकटपट्टीवर कुणीतरी चौदा लिहिलं होतं,
चुकू नये म्हणून.

कोड उघडला. मत मांडायला दोनशे अक्षरं.
लिहिलं: भाव फार. बर्गर कोमट.
टेबल पुसलेलं होतं. गाणी हळू लावा.
मेल्विन इथं नाही. जो आहे त्याचं नाव
— इथं अडले, उठले,
रांग ओलांडून काउंटरवर गेले, च्‌च् ऐकत —

प्रज्योत पाष्टे, तो म्हणाला.
पुड्यांचं लिहू नका पण.

पुड्यांचं नाही लिहिलं.
प्रज्योत पाष्टे याची सेवा चांग
इथं अक्षरं संपली.
गाण्यांबद्दलचं वाक्य काढलं, मग बसलं सगळं.
पाचवा तारा दाबताना हात थांबला,
बर्गरची आठवण झाली.
दाबला.

पडद्यावर आलं:
धन्यवाद! आपलं कौतुक आम्ही मेल्विनपर्यंत पोहोचवू.

तक्रार क्रमांक काही आला नाही.
आम्ही निदान तो तरी द्यायचो.