निघालं तेवढंच

माधवनगर रोडला, हळदीच्या गोदामांमागं माझं शेड.
वारा फिरला की पानेसुद्धा पिवळे होतात.
बिरनाळेबाई सकाळी नऊला आल्या,
गाडी पी मध्ये घातली, हँडब्रेक ओढला,
आधी कुबडी बाहेर आली, मग त्या.

अठ्ठ्याण्णवची झेन. ऑटोमॅटिक.
बाईंचा डावा पाय चौथ्या वर्षी थांबला,
म्हणून क्लच नसलेली गाडी हुडकत
त्या पुण्यापर्यंत गेल्या होत्या, स्थळं बघावीत तशा,
आणि सगळ्यांना नकार देत ही घेऊन आल्या.

"दुसरा पडताना दचकते," म्हणाल्या.
"दचकते म्हणजे?"
"हाक मारल्यावर एखादा उशिरा वळून बघतो ना, तशी."

डिपस्टिक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली.
आटपाडीच्या डाळिंबासारखं असायला हवं होतं;
होतं ते करपलेल्या फोडणीचं, वाससुद्धा तोच.
मिरजेच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं काचपट्ट्या बघितलेल्या बाई
कागदावर थेंब घेऊन उन्हाकडं धरून राहिल्या.
"मधला ठिपका काळा आहे. कडेला पसरत नाही."
मी काय सांगणार त्यांना.

सांगायचं होतं ते वेगळंच.
माझे उस्ताद, कुपवाडचे दस्तगीर नदाफ, म्हणायचे:
जुन्या गिअरबॉक्सचं तेल कधीच बदललं नसेल
तर हात लावू नको.
आतल्या चकत्या झिजून झिजून त्याच तेलात उतरल्यात,
त्या घाणीच्या जोरावरच एकमेकींना धरून आहेत.
स्वच्छ ओतशील आणि सुटतील.
एका डॉक्टरांची लान्सर त्यांनी अशीच धुऊन दिली,
गेटबाहेर गेली ती ढकलतच आत आली.

हे सगळं बाईंना सांगितलं.
चहा अर्धा होईपर्यंत त्या गप्प.
"आणि नाही बदललं तर?"
"चालेल. किती दिवस, ते नाही सांगता येत."
"म्हणजे तुला दोन्हीकडचं माहीत नाही."
"नाही, बाई."
"मग उघड."

चेंबर खाली घेतला तसा सुध्या मागं सरकला
(आयटीआय सोडलेलं पोरगं, वासाला भितं).
चुंबकावर राखाडी लव,
मांजराच्या पिलाच्या कानावर असते तशी.
बोटावर चोळली. टोचलं काही नाही.
तेवढ्यानंच बरं वाटलं.
जुना फिल्टर बुजून गेलेला. नवा कोल्हापूरच्या एसटीतून पार्सल आला होता,
कंडक्टरनं त्यावर स्वतःचा डबा ठेवलेला,
खोक्याचा एक कोपरा चेपलेला, कालवणाचा डाग.
गॅस्केटची जुनी कातडी ब्लेडनं खरवडण्यात तास गेला.

फ्लश करायचा नाही, हे मी मनाशी ठरवूनच टाकलेलं.
निघालं ते बाटलीत मोजलं: एक लिटर नऊशे.
तेवढंच नवं ओतलं, थेंबभर जास्त नाही.
उरलेलं जुनं कन्व्हर्टरच्या पोटात तसंच.
राहू दे. ओळखीचं कुणीतरी आत हवं.

इंजिन चालू. पी, आर, एन, डी, टू, एल,
आणि उलटं परत,
प्रत्येक खान्यात तीन आकडे मोजत.

मग बाईच बसल्या. मी शेजारी.
आयर्विन पुलाच्या चढाला पहिला, आणि मग
(बाईंनी रेडिओ बंद केला)
दुसरा पडला.
किंचित उशिरा, पण पडला.
"थोडं आहे अजून," मी म्हणालो.
"असू दे की."
पुलाखाली कृष्णेला पाणी कमी, म्हशी मधोमध बसलेल्या.
तिसरा कधी पडला कळलंच नाही.

खाली बघितलं, तर माझा डावा पाय
पायपुसण्यावर नसलेला क्लच दाबत होता,
शेडपासून इथवर.
बाईंनीही बघितलं.
"थकशील, यासीन," म्हणाल्या, "सोड आता."