शेडकार्ड

हर्णैला, बंदराकडच्या खोलीत
दाऊदभाई शेडकार्ड उघडतच नाहीत.
मी तिसऱ्यांदा विचारते : मोतिया की पिस्ता?
ते नखाने भिंत खरवडतात.
पोपड्याखाली गुलबट, त्याखाली होडीचा निळा,
अगदी तळाला नीळ घातलेला चुना.

"खारा वारा तीन वर्षांत सोलणारच, बाय.
नवा असताना कुठलाही रंग बराच दिसतो.
सोलवटल्यावर
खालच्यांशी ज्याचं जमेल, तो घ्या."

मग चहा. बशीत फुंकर.
ऊन खिडकीतून कपाटापर्यंत सरकलं
तरी आमचं ठरेना.

रात्री दिवा लावून पाहिलं :
नखाएवढा निळा, जागाच.

सकाळी फोन केला, याच्या शेजारी
बसेल असं काहीतरी आणा.
"कालच घेऊन ठेवलाय," म्हणाले,
"छताचं बोला."