कुठे राहतोस

ग्रीनॉकच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
दर मंगळवारी इशबेल गेडीस इंग्रजी शिकवते.
मी कप मांडतो, झेरॉक्स वाटतो,
खिडकीतून क्लाइड नदी दिसते का बघतो. बहुधा दिसत नाही.

फळ्यावर तिने मधोमध रेघ मारली.
डावीकडे स्टे : हॉटेल, मावशीचं घर, चार रात्री,
बॅग अजून पलंगाखाली.
उजवीकडे लिव्ह : बेलवर नाव, स्वतःची किल्ली,
कुठली पायरी करकरते ते पाठ.

तेस्फालेमने हात वर केला.
अस्मारात सायकली दुरुस्त करायचा,
इथे वसतिगृहात अकरा महिने.
बॅग पलंगाखाली आहे, म्हणाला,
पण पायरी पाठ आहे. खालून सातवी.
मग मी कुठल्या बाजूला?

इशबेलने मार्कर झटकला.
वाळलाय, म्हणाली.
वाळला नव्हता.

त्याच संध्याकाळी बसथांब्यावर
बटाट्यांची पिशवी पायांत धरून उभ्या एका म्हातारीने
त्याला विचारलं, व्हेअर डू यू स्टे, सन?
त्याला वाटलं, हिलाही कळलं
आपण पाहुणे आहोत ते.
त्याने व्याकरण सांभाळून उत्तर दिलं :
लिव्ह नाही करत अजून. स्टेच. कागद यायचेत.
मीसुद्धा रे, म्हातारी म्हणाली,
त्या चढावरच्या गल्लीत स्टे करते,
एकाहत्तर वर्षं झाली.
जन्मले त्याच खोलीत.

पुढच्या मंगळवारी हे त्याने वर्गात सांगितलं,
केस जिंकल्यासारखं.
इशबेल हसली. मग हसायची थांबली.
माझी आईही असंच म्हणायची.
आमच्याकडे सगळे स्टेच करतात,
पुस्तक तेवढं लंडनहून येतं.
आणि बोटानेच रेघ पुसायला गेली,
अर्धी पुसली,
अर्धी बोटाला लागली.

वर्ग सुटल्यावर त्याने मला विचारलं,
तुमच्यात काय म्हणतात?
राहणे, म्हटलं.
दोन्हीला?
दोन्हीला. चार रात्रींनाही आणि जन्मालाही.
त्याने वहीत त्याच्या लिपीत उतरवून घेतलं,
ण वर अडखळत तीनदा म्हणून पाहिलं.
सोयीचा शब्द आहे, म्हणाला,
कोणी काही विचारणार नाही.

बस आली, तो चढला.
याच शब्दात आम्ही न झालेलंही ठेवतो,
भेटायचं राहिलं, वडिलांना फोन करायचा राहिला,
हे त्याला सांगायचं
राहूनच गेलं.